पैलवानाचं 'तयार'

दिवा बारीक करा आणि मध्ये बोलू नका. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाच्या बाबतीत घडलं ते सांगतो. पदरचं काही घालत नाही.

भाचा फौजेत रणगाड्यावर गनर व्हायला शिकत होता. रणगाड्याच्या पोटात उजवीकडे गनर, दुर्बिणीला डोळा लावून. डावीकडे गोळा भरणारा. त्याला सगळे पैलवान म्हणत. गोळा मूठ वळून ढकलायचा असतो, नाहीतर तोफेच्या झडपेत बोट सापडतं. पैलवानानं पहिल्याच आठवड्यात उजव्या अंगठ्याचं वरचं पेर घालवलं होतं.

"आता कुणाला ठेंगासुद्धा पुरा दाखवता येत नाही बघ," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

गोळा भरून अंग बाजूला घेतलं, की त्यानं ओरडायचं, "तयार!" त्याआधी गनरनं कळ दाबायची नाही. बार झाला की तोफ घणासारखी मागे येते. भाचा चपळ. वेळ वाचवायला तो 'तयार'ची वाट न बघता मनात तीन मोजून दाबू लागला. शिकवणारे उस्ताद पाठ थोपटत होते. एका दुपारी पैलवान तोफेमागे पडलेला हातमोजा उचलायला वाकला. 'तयार' आलं नाही. तीन झाले. यानं दाबलं.

पैलवान गेला.

चौकशीत भाच्यानं लिहून दिलं, 'मी तयार ऐकलं.' म्हणजे चूक मेलेल्याची. बुधवारी सकाळी त्यावर शेवटची सही होणार होती. मग पैलवानाच्या आईला कागद जाणार, तुमचा मुलगा स्वतःच्या निष्काळजीपणानं मेला.

मंगळवारी रात्री पावणेबाराला उस्ताद म्हणाले, "रणगाड्याची वही आत राहिलीय. घेऊन ये."

"आत्ता, उस्ताद?"

"मग काय मुहूर्त काढू?"

गेला. भीती वाटली नाही. त्या दुपारपासून त्याला काहीच वाटत नव्हतं. अन्न मातीसारखं लागायचं, तेही तो मुकाट्यानं गिळायचा. वही गनरच्या जागेखाली अडकली होती. बसल्याशिवाय हात पोचेना. बसला.

डावीकडे लोखंड सरकलं.

गोळा आत गेला... झडप लागली.

यानं मान वळवली नाही. मोजू लागला. एक. दोन. तीन...

'तयार' आलं नाही.

चाळीस. शंभर...

"पैलवान," हा म्हणाला, "बोल की रे."

...

"माझ्या वतीनं तूच बोललास ना?" डावीकडून आलं. "मग म्हण."

यानं तोंड उघडलं. शब्द येईना. उजाडेपर्यंत तसाच बसला. उघड्या तोंडानं.

सकाळी साहेबांसमोर कारकुनानं भाच्याच्या जबाबाचं सीलबंद पाकीट फोडलं. वाचू लागला, "मी..." थांबला. "साहेब, पुढचा शब्द दिसत नाही. डाग पडलाय."

साहेबांनी भाच्याकडे पाहिलं. "काय होतं तिथं?"

"काही नव्हतं, साहेब. तो बोललाच नव्हता. मी न ऐकता दाबलं."

शिक्षा झाली. नोकरी गेली. आता माझ्या पलीकडच्या खोलीत राहतो. विचारायला जाऊ नका. मला एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून. डाग तोफेच्या वंगणाचा होता. अंगठ्याचा.

वरचं पेर नसलेल्या.