हॅम्बुर्गला पोचलेली तिसरी पावती

"शिक्क्यावर ओलं बोट फिरवून बघत जा, स्पृहा. रंगीत झेरॉक्स हल्ली अशी निघते की अस्सल कागद लाजेल," असं आमच्या बँकेतल्या जुन्याजाणत्या सुधाकरकाकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी हसून मान हलवली होती. त्या मंगळवारी पाळणाघरातून फोन आला, छोटीला ताप. मी तीन पावत्या मोजल्या, सही केली आणि पळाले.

दहा दिवसांनी हॅम्बुर्गहून ईमेल आला: तिसरी पावती नकली आहे.

आमची बँक जर्मन, शाखा इंदूरची. इथल्या कंपनीचा माल परदेशी निघाला की जहाजाच्या तीन अस्सल पावत्या आम्ही आमच्या हॅम्बुर्गच्या शाखेला पाठवतो. तिथला खरेदीदार पैसे भरतो, मगच त्या त्याला मिळतात. यातली कुठलीही एक पावती दाखवणाऱ्याला बंदरावर कंटेनर मिळतो. या वेळी माल होता आमचे ग्राहक आशिषजी यांचा; त्यांची लसणाची पावडर सोमवारी तिथे पोचणार होती.

मॅनेजर म्हणाले, "सोमवारपर्यंत पावती सापडली नाही, तर राजीनामा द्या."

मी मधुरिमाला गाठलं. ही माझी कॉलेजची मैत्रीण, खाजगी गुप्तहेर. एरवी लग्नाळू मुलांची चौकशी करते.

"चला, आज तरी नवरदेव नाही!" ती खूश झाली. हॅम्बुर्गहून आलेले स्कॅन तिने मोठे करून पाहिले. "या तिसरीच्या कोपऱ्यात लाल ठिपका कसला?"

"शिक्क्याची शाई उडाली असेल."

"बाकी दोन्हींवर नाही. तो पुसला जातो का, विचार त्यांना."

उत्तर आलं: नाही, छापलेला आहे.

आशिषजी स्नेहलतागंजातल्या ऑफिसात भेटले. "जहाजाच्या एजंटकडून पावत्यांचा लिफाफा आला, तो मी आईला दाखवायला घरी नेला. पहिलीच निर्यात ना! मग मी मानपूरच्या गोदामावर गेलो. बँकेत द्यायला विपुलला सांगितलं होतं."

"विपुलवर भरोसा आहे?" मी विचारलं.

"होता. आतापर्यंत."

विपुल त्यांचा कारकून. तो रडवेला झाला होता. "कसम से मॅडमजी, मला लिफाफा चिकटवलेलाच मिळाला! वीस मिनिटं तर मी साहेबांच्या घरी नुसता बसून होतो. आईजी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे गेल्या होत्या. आल्या, पेढा दिला, लिफाफा दिला. बस!"

"पेढा कशाचा रे भिया?" मधुरिमाने इंदुरी थाटात विचारलं.

"प्रसादाचा म्हणाल्या."

बाहेर येताच मी म्हणाले, "हाच चोर. नजर बघितलीस त्याची?"

"तू नजर बघ. मला पेढा पुरे," मधुरिमा म्हणाली आणि सगळ्यांना घेऊन शेजारच्याच गल्लीतल्या आशिषजींच्या घरी निघाली.

दार त्यांच्या आईने, इंदुमतीबाईंनी उघडलं.

"आईजी, जरा देवघर बघू?"

बाळकृष्णाच्या चौरंगाखाली घडी घातलेली पावती होती. कोपऱ्यात कुंकवाचं बोट.

"ठिपका छापलेला होता," मधुरिमा सांगू लागली, "म्हणजे झेरॉक्स निघण्याआधीच अस्सल पावतीला लाल काहीतरी लागलं होतं. त्याच दुपारी घरात प्रसादाचा पेढा, मग ते कुंकूच. कुठला चोर चोरीच्या कागदाला कुंकू लावतो? विपुलला लिफाफा बंद मिळाला. त्याआधी तो आईजींजवळ होता, आणि झेरॉक्स स्टेशनरीवाल्याकडे निघते."

इंदुमतीबाई गोंधळल्या. "तिन्ही सारख्याच तर होत्या! म्हटलं, पहिला माल परदेशी चाललाय, एक देवाजवळ राहू दे. मोजताना कमी नको भरायला, म्हणून झेरॉक्स घातली."

"अगं आई, मग झेरॉक्सच ठेवायचीस ना देवापुढे!"

"देवाला झेरॉक्स? काही लाज आहे का तुला?"

सगळ्यांत आधी विपुल हसला, अगदी पोट धरून. आशिषजींनी तिथल्या तिथे त्याची माफी मागितली. अस्सल पावती त्याच दुपारी कुरियरने गेली, माझी नोकरी वाचली.

हसू ओसरलं तेव्हा दिसलं, इंदुमतीबाई पदराने डोळे पुसत होत्या. घरात कुणीतरी त्यांना सांगितलं असतं की कागद हरवलाय, तर त्यांनी तेव्हाच काढून दिला असता. कुणी विचारलंच नव्हतं.

आता आशिषजी दुसऱ्या ऑर्डरसाठी महिनाभर हॅम्बुर्गला गेलेत, इंदुमतीबाई घरी एकट्याच असतात. छोटीमुळे मला रोज जाणं होत नाही. तुम्ही स्नेहलतागंजातून जात असाल, तर इंदुमतीबाईंकडे जरा डोकावाल का? जेवल्या का, एवढं विचारा.