येर्कोच्या खुर्चीपुरती जागा

येर्कोची चाकांची खुर्ची स्वयंपाकघरात वळणार नाही, हे नेवेन्काच्या लक्षात आलं तेव्हा तो दवाखान्यातून घरी यायला पाच दिवस उरले होते. टेबल आणि भिंत यांच्यात हातभर जागा कमी पडत होती. टेबल सरकवावं तर शेगडी आडवी येत होती. डॉक्टरांनी नवऱ्याच्या फुफ्फुसांना फार तर महिना दिला होता, आणि तो महिना त्यानं आपल्या टेबलाशी बसून काढावा एवढंच तिला हवं होतं. म्हणजे भिंतच मागे न्यायची.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पेडीत तेही जमतं. घरं टेकडीच्या पोटात कोरलेली. जागा हवी तर आणखी कोरायचं. कोरायच्या मशीनवाल्याचा आकडा ऐकून तिनं फोन ठेवला आणि शेजारच्या लेफ्टेरिसकडून ड्रिल आणि खडक फोडायचा ब्रेकर मागून आणला. वय चौसष्ट, पण चाळीस वर्षं नवऱ्याबरोबर ओपल रत्नांच्या खाणीत काढलेली. हात अजून शाबूत होते.

"स्वयंपाकघरच वाढवतेयस ना?" लेफ्टेरिस म्हणाला. "या गावात सगळ्यांना अचानक एक कपाट कमी पडतं. ओपल सापडला तर निम्मा माझा."

"सापडला तर तुला पत्तासुद्धा लागणार नाही."

"आधी भोक पाडून बघ. मागं एकजण थेट माझ्या न्हाणीघरात निघाला. मी साबण लावून उभा."

सोमवारी सव्वादहाला तिनं भोक पाडलं. दीड हात आत गेल्यावर ड्रिल एकदम मोकळं फिरलं आणि भोकातून गार, ओली हवा आली. बाहेर पंचेचाळीस अंश होते. झालं, घुसले लेफ्टेरिसच्या घरात, असं वाटून तिनं भोकाला तोंड लावून हाक मारली. हाक आत गेली ती गेलीच.

लेफ्टेरिस पुढच्या दारानं आला, हातात कॉफी. त्याचं घर पलीकडच्या अंगाला होतं. या भिंतीमागे नुसती टेकडी. त्यानं दोन मीटरची सळई आत सारली. ती कुठंच टेकली नाही, आणि बाहेर आली ती ओली.

"पाइप फुटला असेल."

पाइप दुसऱ्या भिंतीत होता. मीटरचा काटा जागचा हलला नव्हता. लेफ्टेरिसनं सळईला बोट लावून चाटलं.

"काय?"

"मीठ," तो म्हणाला, आणि कॉफी तशीच ठेवून निघून गेला.

या टेकड्यांतून ओपल झालेले शिंपले निघतात. इथं कधीकाळी समुद्र होता हे गावात कुणालाही ठाऊक होतं. पण ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचं.

दुपारी भोक कोरडं होतं. मंगळवारी अकरा पाचला पुन्हा ओलं झालं, बुधवारी बाराला पाच कमी असताना. ती फ्रिजवरच्या कॅलेंडरवर वेळा लिहीत गेली. रोज पन्नास मिनिटं उशीर. भरती अशी येते हे येर्को तिला लग्नाआधीपासून सांगत आला होता. बेटावरचा, बोटीवर वाढलेला माणूस. एक्केचाळीस वर्षांत समुद्र दिसला नव्हता. आधी पैसे नव्हते, मग छाती साथ देईना.

तिनं हातभर भिंत कोरली, अर्धा हात राखली. गुरुवारी कान लावला. फार लांबवर लाटा फुटत होत्या. भीती वाटायला हवी होती. पण चर्चमध्ये सगळे एकदम उठून उभे राहतात तेव्हा जसं भरून येतं, तसं तिला भरून आलं, आणि ती जमिनीवरच बसली. तरीही तिनं भोक बुजवायला सिमेंटची गोणी आणून ठेवली.

शुक्रवारी येर्को आला. खुर्ची कोनाड्यात बरोबर बसली.

"खिडकी उघडी आहे का गं?"

"या घरात खिडकी कुठली, येड्या?"

त्याची नजर भोकावर गेली, मग गोणीवर. "बुजवू नकोस," तो म्हणाला.

पावणेदोनला ती कपडे वाळत घालून परतली तेव्हा तो झोपला होता. जमीन कोरडी होती. चाकांच्या तारांवर घोट्याच्या उंचीला मिठाची पांढरी रेघ होती, सरळ, चारी बाजूंनी. त्याच्या पायजम्यावरही तीच.

शनिवारी ती मुद्दाम तिथंच थांबली. दोन पंचवीसला कॉफी उतू जायला आली म्हणून शेगडीकडे वळली, तेवढंच.

रेघ गुडघ्याला होती.

"गार आहे गं," येर्को डोळे मिटूनच म्हणाला. "छान गार."

"बुजवू का?"

"मी कुठला जातोय समुद्रावर? तोच आलाय."

रविवारी तिनं गोणी लेफ्टेरिसच्या दाराशी नेऊन ठेवली. मग पेन्सिलीनं भिंतीवर शुक्रवारची खूण केली, शनिवारची केली, तेवढंच अंतर धरून आजची केली. ती बसलेल्या माणसाच्या छातीशी येत होती. उद्याची तिनं मोजली नाही.

तीनला तिनं आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला भिडवली. येर्कोनं न बघताच तिचा हात धरला. भोकातून गार हवा यायला लागली.

तिनं चपला काढून फ्रिजवर ठेवल्या. खाली ठेवल्या असत्या तर भिजल्या असत्या.