सुजेला उतार

संक्रांतीच्या आधीचे दिवस म्हणजे शंकरपुरातल्या त्या घरात अवरेकाळू, म्हणजे ओले पावटे, सोलायचे दिवस. ओसरीवर जुना पेपर पसरायचा, त्यावर शेंगांचा ढीग ओतायचा आणि घरातल्या बायकांनी भोवती बसायचं. हाताला तो तेलकट वास एकदा लागला की साबणानंही जात नसे. त्या वर्षीही कावेरी सोलत होती, तिची थोरली नणंद विमला समोर बसली होती. तिसरी जागा मात्र रिकामी होती. अनुसूया आतल्या खोलीत कॉटवर पडली होती, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून.

अनुसूया कावेरीची एकुलती एक मुलगी. तिची डावी पापणी जन्मापासून पडकी. डोळा चांगला होता, दिसायचंही सगळं, पण पापणी अर्ध्यावर येऊन थांबायची, मिटू की नको अशी. त्यामुळं पोरगी हनुवटी वर करून बघायची, आणि अनोळखी माणसाला वाटायचं काय ताठा आहे. बी.ए. झाली. दोन स्थळं आली, पोहे खाऊन गेली. "मुलगी चांगली आहे, पण..." एवढंच कळलं. त्या 'पण'च्या पुढचं कुणी बोलून दाखवलं नाही.

तिसरं स्थळ मूळचं पुण्याकडचं होतं. मुलगा विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर, आई आणि भावाचं कुटुंब यांच्यासोबत इथंच मल्लेश्वरात राहणारा. त्यांना फोटो पाठवला तो एका बाजूनं काढलेला. फोटो पसंत पडला आणि संक्रांत झाली की बघायला येतो, असा निरोप आला. तेव्हा कावेरीच्या नवऱ्यानं, नरसिंहरावांनी, जन्मात पहिल्यांदा घरात आवाज चढवला. "ऑपरेशन करायचं. आणि कुणाला सांगायचं नाही. कळलं तर म्हणतील, पुढं पोरंही तशीच व्हायची."

चामराजपेटेत डॉक्टर हयवदनांचा छोटा खाजगी दवाखाना होता. त्यांनी पापणी उचलून रेशमाचे बारीक टाके घातले. पट्टी बदलताना कावेरीनं पाहिलं. पापणी जांभळासारखी टचटचीत सुजलेली, भोवती सगळं काळंनिळं.

"हे असंच व्हायचं," डॉक्टर म्हणाले. "बर्फानं शेका. कुणाची सूज लवकर जाते, कुणाला महिना लागतो."

"महिना नाही चालायचा, डॉक्टर."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांनाही मुली होत्या. उठून त्यांनी कपाटातून एक तपकिरी बाटली काढली. "नव्या गोळ्या आहेत. अननसाच्या बुंध्यातून काढतात म्हणे. परदेशातून यायच्या, आता येणं बंद झालंय. माझ्याकडं एवढीच बाटली आहे. उपाशीपोटी द्यायच्या. सूज उतरेल, काळंनिळंही उतरेल."

घरी आल्यावर विमलेनं बाटली उजेडात धरून हलवली. लवकर विधवा झालेली, भावाच्या घरात जन्म काढलेली बाई. तिचं बोलणं नेहमी तिरकं. "उतरेल हे ठीक आहे गं. उतरून जाईल कुठं?"

"अक्का, काहीतरीच तुझं."

"काहीतरी नव्हे. फोटो पाहून त्या लोकांनी पोरीला नजर लावली, मी आधीच सांगितलं होतं." असं म्हणून विमलेनं गोळी मुठीत घेतली आणि अनुसूयेच्या तोंडावरून तीनदा ओवाळली, मीठमोहऱ्या ओवाळतात तशी. आणि तीच गोळी तिच्या जिभेवर ठेवली.

दारात फुलवाली यल्लव्वा हातानं मोजून मोगरा देत होती. तिचा हात तसाच थांबला. "अव्वा, काढलेली दृष्ट तोंडात घालतात होय? ती तिकटीवर टाकायची, मागं न बघता यायचं."

"इंग्रजी औषध आहे बाई. त्याला आपले नेमधरम ठाऊक नाहीत."

सगळ्याजणी हसल्या. अनुसूयाही हसली आणि डोळा दुखला म्हणून "आत्या, पुरे गं" म्हणाली. यल्लव्वा तेवढी हसली नाही. फुलं देऊन, पैसे न मागता निघून गेली.

सूज उतरली, आणि एका रात्रीत उतरली. सकाळी कावेरीनं पट्टी सोडली तर पापणी सपाट, कातडी स्वच्छ, आणि दोन्ही डोळे सारखे उघडे. अनुसूयेनं आरसा मागितला. मग तिनं हनुवटी खाली केली आणि सरळ समोर पाहिलं. कावेरी स्वयंपाकघरात जाऊन कॉफीच्या फिल्टरपाशी उभी राहून रडली.

काळंनिळं मात्र गेलं नव्हतं. ते गालावर येऊन बसलं होतं. पापणीएवढंच, अर्धचंद्रासारखं.

"पाणी उताराकडंच जाणार," डॉक्टर हसून म्हणाले. "साकळलेलं रक्त असंच खाली खाली येतं आणि पिवळं पडून जिरतं. चालू ठेवा गोळ्या."

ते जबड्यावर आलं. मग मानेवर आलं. पण पिवळं पडलं नाही, पसरलं नाही, फिकंही झालं नाही. अनुसूयेला न्हाऊ घालताना कावेरीला ते गळ्याच्या हाडाखाली दिसलं. तिनं ओल्या हातानं चोळून पाहिलं. त्याच्या कडेला बारीक ठिपके होते, एका ओळीत, सारख्या अंतरावर. सुई जिथं आत जाते आणि जिथं बाहेर येते तसे.

तिनं विमलेला हाक मारली. विमलेनं वाकून पाहिलं आणि पदराला हात पुसले.

डॉक्टरांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. "दुखतं?"

"नाही," अनुसूया म्हणाली. "गार लागतं. माझं नसल्यासारखं."

डॉक्टर मोरीकडं गेले आणि साबणानं हात धुऊ लागले. धुतच राहिले. परत आले तेव्हा त्यांनी कावेरीकडं पाहिलं नाही. "गोळ्या बंद करा," एवढंच म्हणाले.

गोळ्या बंद केल्या आणि ते परत वर चढू लागलं. दुपारी मानेवर होतं, दिवेलागणीला जबड्यावर. सकाळी अनुसूयेनं हनुवटी वर करून आईकडं पाहिलं. पापणी जड झाली होती.

कावेरीनं डॉक्टरांना विचारलं नाही. तिनं बाटली उघडली.

या खेपेला ते भराभर उतरलं. गळ्यावरून खांद्यावर आलं, खांद्यावरून डाव्या दंडात, कोपरात. नरसिंहराव ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी विचारत, "कुठवर आलंय?" जसं काही कुणी पाहुणा गाडीत बसलाय आणि मधली स्टेशनं मोजायची आहेत. बाटली हलवली की आता खुळखुळ फार मोठी व्हायची. आत थोड्याच गोळ्या राहिल्या होत्या.

मनगट झालं. मग ते तळहातात आलं आणि तिथं थांबलं.

"आई," अनुसूया म्हणाली, "मुठीत काहीतरी आहे."

"काय आहे?"

"कळत नाही. मिटतंय आणि उघडतंय."

कावेरीनं मुलीचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तिच्या मनात एकच होतं: यायचं तर माझ्यात ये. सगळी दुपार ती तशीच बसून राहिली. कॉफी निवली, दूधवाला हाक मारून गेला. हात सोडवून पाहिलं तर तिचा तळवा कोरडा, स्वच्छ. अनुसूयेच्या तळव्यावर ते होतं तिथंच होतं.

"नाही यायचं तुझ्यात," विमला दारातून म्हणाली. "उतारा घरच्या माणसावर उतरत नाही. परकं माणूस लागतं. आणि त्याला कळता कामा नये."

"अक्का, तूच ओवाळलीस ना ती गोळी?"

"मीच ओवाळली. म्हणून तर सांगते."

पाहुणे यायच्या दिवशी बाटलीत एकच गोळी उरली होती. कावेरीनं ती अनुसूयेला दिली आणि कुणाला सांगितलं नाही. गोळीचा जोर ओसरला की ते पुन्हा वर चढणार होतं, आणि मग ते उतरवायला काहीच उरणार नव्हतं. तिनं उप्पिट केलं, अवरेकाळूची उसळ केली, केसरीभात केला. आणि हे सगळं करताना तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. येणार कोण कोण? मुलगा अरविंद. तो नको, तो पोरीचा संसार. त्याची आई हेमलताबाई. वय झालेलं माणूस. साठी उलटलेली. सोसेल.

हा विचार आपल्या डोक्यात आला याची तिला भीती वाटली. भीती वाटली आणि तरीही तिनं अनुसूयेला सांगितलं, "कॉफीचा पेला ताटातून देऊ नकोस. हातानं दे. डाव्या हाताचा आधार लावून."

अनुसूयेनं "का" असं विचारलं नाही.

पाहुणे टॅक्सीतून आले. अरविंद, हेमलताबाई, आणि सोबत अरविंदच्या भावाची लहान मुलगी बबी, घरी राहीना म्हणून आणलेली. ओसरीवरच्या लाल फरशीवर ती पहिल्यांदा बसकण मारून घसरली आणि मग तोच खेळ करत राहिली.

"मस्तीखोर आहे हो फार," हेमलताबाई म्हणाल्या. "फरशी पुसायला बाई लावायला नको तुम्हाला आज."

नरसिंहराव गरजेपेक्षा जास्त हसले.

अनुसूया कॉफी घेऊन आली. हेमलताबाईंच्या समोर वाकली. दाराआड कावेरीनं पदराचं टोक दातांत धरलं.

"अगं, भाजेल. खाली ठेव," हेमलताबाई म्हणाल्या. "पुण्याची माणसं आम्ही, आम्हाला कान असलेला कप लागतो."

अनुसूयेनं पेला खाली ठेवला. ती सरळ झाली. तिचा डावा हात मोकळा खाली लोंबत होता.

बबी घसरत घसरत आली आणि उठायला आधार म्हणून तिनं तो हात धरला.

कावेरीच्या दातांतून पदर सुटला.

अनुसूयेनं खाली पाहिलं. तिला हात काढून घेता आला असता.

तिनं काढला नाही.

बबीनं आपली मूठ उघडून बघितली, मग फ्रॉकला पुसली. पुन्हा बघितली. आणि आजीजवळ जाऊन गप्प बसली.

"डोळे फार छान आहेत हो मुलीचे," हेमलताबाई म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर कावेरीनं मुलीचा तळवा उलटा करून पाहिला. तिथं रेषांशिवाय काही नव्हतं. विमला देवघरात गेली आणि समईची वात उगाच पुढं सारत बसली. जेवताना नरसिंहरावांनी "कुठवर" एवढा शब्द उच्चारला आणि पुढचा घास घेतला.

होकार आला. लग्नाची बोलणी करायला मल्लेश्वरची माणसं पुन्हा आली तेव्हा बबी आजीच्या कडेवर होती. घसरायला उतरली नाही. तिची डावी पापणी जांभळासारखी सुजून बंद झाली होती.

"काय सांगायचं," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "आधी हातावर दिसलं, वाटलं शाई आहे. मग दंडावर, मग गळ्यावर. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते आम्हालाच विचारतात, हिच्या पापणीचं ऑपरेशन कुणी केलं? टाके आहेत म्हणे. आता तुम्हीच सांगा, एवढीशी पोर, आम्ही कुठं नेणार आणि कशाला?"

अरविंद फरशीकडं बघत होता.

"तुम्ही इथले जुने," हेमलताबाई म्हणाल्या. "डोळ्यांचा कुणी चांगला माणूस ठाऊक आहे का? निदान सूज उतरायला एखादं औषध?"

कावेरीनं नवऱ्याकडं पाहिलं. नरसिंहरावांनी पंचांग उघडून तोंडासमोर धरलं होतं. तिनं विमलेकडं पाहिलं. विमला उठून आत गेली.

"नाही हो," कावेरी म्हणाली. "आमच्याकडं कधी तशी वेळच आली नाही."

बबी आजीच्या कडेवरून उतरली. उघड्या डोळ्यानं वाट शोधत, हनुवटी वर करून, ती सरळ अनुसूयेकडं चालत आली आणि तिनं हात पुढं केला.

अनुसूयेनं दोन्ही हात पदराखाली घेतले. दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडं बघत ती गोड हसली.

"ये हं बबी," ती म्हणाली, "पण हात नको लावू. साडी नवी आहे."