सगळ्यात हळू सेलेरॉन

१.७ गिगाहर्ट्झ

त्याच्या दोन पिना वाकल्या होत्या, म्हणून आमची ओळख झाली. आधी प्रोसेसरची. मग त्याची.

अकोल्यात उस्मानचाचांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी काउंटर सांभाळत साडीला फॉल लावत होते. बाहेर ढग होते… आलेले आणि नुसतेच थांबलेले.

"सुई भेटन का?"

सुई मी दिली नाही. प्रोसेसरच मागून घेतला, उजेडात धरला आणि पिना हळूच सरळ केल्या.

"हात हलत नाही तुमचा," तो म्हणाला.

"तुमी वाकून पाहून राहिले, सावली पडते."

तो बाजूला झाला. अर्धं पाऊल — जास्त नाही.

२.० गिगाहर्ट्झ

त्याचं नाव देवानंद. तो अमरावतीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. लोकांनी काढून टाकलेले स्वस्तातले सेलेरॉन प्रोसेसर जमवायचा, कंपासपेटीत स्पंजावर टोचून आणायचा. रविवारी आमच्या उघड्या मदरबोर्डावर एकेक बसवायचा. एकाच मोठ्या गणिताला कोण किती सेकंद घेतो, ते मी घड्याळात बघून वहीत लिहायचे. चाचा म्हणायचे, लंगड्या घोड्यांची शर्यत लावून बसले दोघं.

एकदा त्यानं सांगितलं, की यांचं डोकं वाईट नसतं. जवळची आठवण तेवढी कमी असते. म्हणून प्रत्येक गोष्ट लांब जाऊन आणावी लागते.

"अमरावतीहून अकोल्याले?" मी विचारलं.

तो प्रोसेसरवरची जुनी पांढरी पेस्ट पुसत राहिला. पुसून झाली होती, तरी…

२.४ गिगाहर्ट्झ

आकडे जुळले नाहीत, तर पुढच्या रविवारी पुन्हा मोजावं लागायचं. हे माझ्या लक्षात आलं आणि मी चुकायला लागले. नव्वदचे अठ्ठ्याण्णव. एकशे चारचे एकशे एक. तो वहीकडे बघून डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, करिश्मा, पुन्हा घ्यावं लागन.

त्या वर्षी कपाशीवर लाल्या रोग आला. पानं तांबडी झाली, बोंडं तशीच राहिली. खेड्यांवरून येणारी पोरं क्लासला येईनाशी झाली. साठाची अकरा झाली, मग चार. आपण रिकाम्या खुर्च्यांना शिकवतो, असं तो हसून सांगायचा. मला हसू यायचं नाही.

पुन्हा १.७

मार्चमध्ये क्लासला कुलूप लागलं. त्याला पुण्यात काम मिळालं. सोमवारपासून. आदल्या दिवशी तो आला, तेव्हा चाचा मुद्दाम चहाला निघून गेले.

त्यानं वही उघडली, बराच वेळ बघितली.

"तुह्या वहीतले आकडे खोटे हायेत."

मी फॉलची सुई हातात घेतली.

"असाच बोर्ड घरी हाय माह्याजवळ. दुसऱ्या रविवारपासून माहीत हाय मले."

"मंग काहून येत होता?"

"तू काहून चुकत होती?"

पंखा फिरत होता. मी टाका घातला, तो पहिल्यांदाच वाकडा गेला.

"तू पुन्हा यावं म्हणून," मी म्हटलं.

"म्हणूनच येत होतो," तो म्हणाला. "पण आता…"

बसची वेळ झाली होती.

कंपासपेटी त्यानं माझ्याकडे सरकवली. फक्त तो पहिला — सगळ्यात हळू — स्पंजातून उपटून शर्टाच्या खिशात ठेवला. दोन पिना अजून किंचित तिरप्या होत्या.

"हा मोजायचा राहिला," तो म्हणाला. "वही ठेवजो. यावेळी सेकंद खरे लिहिजो."

तो वळला. रस्ता धुळीनं भरला होता. मी घड्याळ बघितलं आणि वही पुढे ओढली.

सेलेरॉन १.७
सुरू — रविवार, चार वाजून दहा मिनिटं.
संपलं —