सतरा नंबर हजर

ज्ञानाची भूक ही मानवजातीची सनातन भूक आहे. ती वयाला जुमानत नाही, पदाला जुमानत नाही, काळालाही जुमानत नाही. हे थोर सत्य मल्लिनाथ बिराजदार यांना गवसलं तेव्हा ते लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या केबिनमध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, विद्यापीठाचा पासवर्ड चौथ्यांदा विसरून बसले होते.

"अप्पा, माझं नाव आणि त्यापुढं तुमचं जन्मसाल," नांदेडहून दामिनी फोनवर म्हणाली. "आणि कागदावर लिहून भिंतीला चिकटवू नका."

त्यांनी तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवला.

दामिनी ही त्यांची थोरली लेक, नांदेडला बँकेत. तिनेच हा उद्योग लावून दिला होता. नोकरदारांसाठी एम.ए., विषय इतिहास, शनिवार-रविवार सकाळी अकराचा वर्ग, लॅपटॉपवर, घरबसल्या. कारण घराच्या पाटीवर लिहिलं होतं, 'मल्लिनाथ बिराजदार, बी.ए., एम.ए. (भाग एक)'. कंसासकट. पाहुणे पाटी वाचायचे, चपला काढायचे आणि विचारायचे, "भाग दोन कधी?" मल्लिनाथराव पहिल्यांदा हसायचे. पुढे पुढे ते दार उघडायला बायकोला पाठवू लागले. तो कंस जिवंतपणी पुसायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

कंसाची हकिकत नव्वद-एक्क्याण्णवची. मल्लिनाथ तेव्हाही याच मिलमध्ये होता, सकाळच्या पाळीला, वजनकाट्यावर. पाळी बाराला सुटायची आणि कॉलेजचा तास अकराला. हजेरी पंचाहत्तर टक्के नसेल तर परीक्षेला बसू देत नसत. यावर मराठवाड्यातल्या समस्त विद्यार्थ्यांनी शोधलेला उपाय त्यानेही केला. म्हणजे मित्र केला.

मित्राचं नाव व्यंकटी सोनकांबळे. बिलोलीचा. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहायचा. वर्ग बुडवणं त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या घराण्यात कॉलेजच्या बाकावर बसलेला तो पहिला माणूस, आणि मिळालेली जागा सोडायची नाही असा त्याचा एकूण बाणा. हजेरी नंबरावर चालायची. मल्लिनाथचा सतरा, व्यंकटीचा एकतीस. सर "सतरा" म्हणाले की व्यंकटी बाकाखाली वाकायचा, नाक दाबायचा आणि म्हणायचा, "हजर सर." मग एकतीसला ताठ बसून स्वतःच्या आवाजात पुन्हा एकदा.

सव्वाबाराला मल्लिनाथ पोचायचा. केसांत तुरीचा भुसा, शर्टाला गोणपाटाचा वास. व्यंकटी डावीकडे सरकून जागा करायचा. पंखा कुईकुई करत असायचा. "नाक दाबून दाबून माझं नाक लहान व्हायलंय, मल्ल्या," तो कुजबुजायचा, "भजे तू चारायचे." मग कँटीनमध्ये एक प्लेट, दोन माणसं, आणि मिरची कोणी खायची यावर वाद. मल्लिनाथरावांनी पुढे पुष्कळ हॉटेलांत पुष्कळ भजी खाल्ली. वाद घालायला कोणी नव्हतं, म्हणून मिरच्या ताटात तशाच राहायच्या.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत व्यंकटी तापाने फणफणत बिलोलीला गेला आणि आठव्या दिवशी गेल्याची खबर आली. त्यानंतर सरांनी "सतरा" म्हटलं की वर्गात पंख्याचा तेवढा आवाज यायचा. वर्षाअखेर हजेरी भरली त्र्याहत्तर टक्के. परीक्षेला बसू दिलं नाही. मल्लिनाथ बिलोलीला कधी गेलाच नाही. कशाला जायचं आणि काय बोलायचं, या दोन प्रश्नांत चौतीस वर्षं निघून गेली.

आता पुन्हा तसंच होऊ घातलं होतं. विद्यापीठ नवं, आकडा जुना, पंचाहत्तर. जानेवारीत तुरीचा हंगाम आला, मिल आठवड्याचे सातही दिवस धडधडू लागली आणि आता तिथेच मॅनेजर असलेल्या मल्लिनाथरावांचे लागोपाठ सहा वर्ग बुडाले. आपण पुन्हा कंसातच मरणार, अशी मनाची तयारी करून त्यांनी हजेरीचं पान उघडलं.

शंभर टक्के.

"कॉम्प्युटरची चूक असणार," ते दामिनीला म्हणाले.

"चूक करून गप्प बसायला कॉम्प्युटर काय तुम्ही आहे का, अप्पा? वर्गाचं रेकॉर्डिंग असतंय. बघा."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिल थांबली तेव्हा त्यांनी ते लावलं. मंजुश्री मॅडम नावं पुकारत होत्या. पडद्यावर मल्लिनाथरावांच्या नावाचा काळा चौकोन होता, म्हणजे कोणीतरी त्यांच्या नावाने वर्गात शिरलं होतं.

"मल्लिनाथ बिराजदार?"

"सतरा. हजर सर."

आवाज नाकातला.

"सर नाही, मॅडम," मॅडम म्हणाल्या, आणि चौकोनाचौकोनांतून लोक हसले. हसू ओसरल्यावर मागचे आवाज ऐकू आले. बाक ओढल्याचा. खडूचा. आणि पंख्याचा, कुईकुई.

मल्लिनाथरावांनी डबा झाकला. हिशेबी माणूस. त्यांनी सहाही रेकॉर्डिंगं तपासली. सहाही वेळा सतरा, सहाही वेळा सर, सहाही वेळा मॅडमनी चूक सुधारलेली. सहाव्या वेळी मॅडमनी विचारलं होतं, निजामाच्या काळातली सारापद्धत कोण सांगेल? आणि काळ्या चौकोनाने ती सांगितली होती. तोंडपाठ, न थांबता, व्यंकटीच्या वहीतल्या शब्दांत. तेव्हा पाठ केलेल्या त्या वहीतलं मल्लिनाथरावांना आता एक अक्षर आठवत नव्हतं. ऐकताना मात्र पुढचा शब्द आधी कळत होता.

रविवारी मिल बंद ठेवून ते घरी लॅपटॉपपुढे बसले. कानात इयरफोनचे दोन बोळे घातले. माइक चालू केला. नाव पुकारलं गेलं. त्यांनी तोंड उघडलं.

"सतरा. हजर सर."

त्यांचे ओठ हलायच्या आत. आवाज आला तो फक्त डाव्या कानात.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बिलोलीची एसटी धरली. लातूर, नांदेड, तिथून बिलोली. माणूस खरंच मेला आहे का, हे चौतीस वर्षांनी विचारायला जाणं जरा चमत्कारिक दिसतं, म्हणून वाटेत त्यांनी पाव किलो पेढे घेतले. पेढे घेऊन जाणं त्याहून चमत्कारिक दिसेल, हे त्यांच्या दार वाजवल्यावर लक्षात आलं.

दार व्यंकटीच्या थोरल्या बहिणीने उघडलं. सरजाबाई. पासष्टीची, बारीक, डोळ्यांवर जाड चष्मा. तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मल्लू का रे तू? लई उशीर केलास बाबा."

"हाव, आक्का. झाला खरा."

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. शेजारी व्यंकटीचा, फोटोतही ताठ बसलेला. त्यांनी पेढे खाली ठेवले. काय बोलावं ते त्यांना चौतीस वर्षांपूर्वीही सुचलं नव्हतं.

"मी त्या वेळी यायला पायजे होतं."

"पायजे होतं," सरजाबाई म्हणाली. तिने ते माफही केलं नाही की वाढवलंही नाही. चहा ठेवला. "तो यायचा रे. दर शनिवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, माझा जरा डोळा लागला की. हितं पायथ्याशी बसायचा. ज्वारी कशी हाय, पाऊस झाला का, समदं इचारायचा. आता सहा महिने झाले, येतच न्हाई."

मल्लिनाथरावांनी मनात हिशेब केला. वर्ग सुरू होऊन सहा महिने झाले होते.

"शेवटचं आला तवा म्हनला, आक्का, मल्ल्याचं कालेज सुरू झालंय, मला सवड न्हाई." तिने चष्मा पुसला. "शिकतो म्हनल्यावर मी कशी आडवू? पर करमत न्हाई बघ."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. शेजारची डावी जागा रिकामी होती. गाडी खचाखच भरली, तरी तिथे कोणी बसलं नाही.

त्यांनी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. परीक्षा गेली तर जाऊ दे, पाटीला कंस असू दे. व्यंकटीला घरी जाऊ द्यायचं.

शेवटच्या वर्गानंतर मॅडम परीक्षेच्या प्रवेशपत्रासाठी एकेकाशी बोलत होत्या. मल्लिनाथरावांची पाळी आली. त्यांनी घसा खाकरला.

"मॅडम, माझी हजेरी खोटी आहे. वर्गात मी नव्हतो. सगळा हंगाम धरून एकोणीस वेळा नव्हतो. माझी खरी हजेरी पंचाहत्तर टक्के भरत नाही."

मॅडम हसल्या. "बिराजदार, एवढा विनय नका करू. नोकरी करून नेमाने येणारे तुम्ही एकटेच. मी तर तुमचं उदाहरण देते. बाकीचे कॅमेरे बंद ठेवतात."

"माझाही बंदच असतो."

"काहीतरीच काय! रोज दिसता की. तो बाक, मागे फळा. ते चित्र कुठून मिळवलंत हो? अगदी जुन्या कॉलेजसारखं. आणि चेहरा तरुण करायची सोय असते हल्ली, तीही तुम्ही वापरता, आलंय माझ्या लक्षात."

मल्लिनाथरावांनी कॅमेरा चालू केला. आयुष्यात पहिल्यांदा.

पडद्यावर त्यांचं टक्कल आलं. मागे कपाट. कॅलेंडर.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या.

"तुम्ही..." त्यांनी चष्मा सावरला. "एकटेच आहात आज?"

"हो."

"मग ते दुसरे, तुमच्या शेजारचे?"

"कोण दुसरे?"

मॅडमची नजर पडद्याच्या एका कडेवर खिळली होती. मग त्या घाईघाईने म्हणाल्या, "हजेरी मी स्वतः पाहिलेली आहे. ती मला बदलता येत नाही. प्रवेशपत्र पाठवते," आणि त्यांचा चौकोन विझला.

प्रवेशपत्र लगेचच आलं. नाव बरोबर, विषय बरोबर. मल्लिनाथराव त्याच्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षं ज्या कागदासाठी जीव अडकला होता तो समोर होता, आणि घर अगदी शांत होतं. हे घर बांधलं तेव्हाच त्यांनी छताला बिनआवाजाचा पंखा बसवून घेतला होता.

वर्गातून सगळे गेले होते. आता आपणही बाहेर पडावं म्हणून त्यांनी हात पुढे केला, तेव्हा वर हजर असलेल्यांचा आकडा दिसला. दोन.

खाली निरोपाची चौकट उघडली. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. अक्षरं एकेक करून उमटू लागली, टायपिंग नव्यानेच शिकलेल्या माणसासारखी.

'मल्ल्या, आमच्याकडं बी आता शनिवारी अकराला हजेरी सुरू झालीय. ह्या शनिवारी मला आक्काकडं जायचंय. माझा नंबर एकतीस. तेवढं हजर म्हन. जरा मोठ्यानं म्हन, आमच्या सरांना कमी ऐकू येतंय.'