रस्त्यापलीकडची लोरेट

दवाखान्यातून फोन आला तेव्हा ओरेस्ट दारासमोरचं बर्फ फावड्याने ओढत होता. लोरेट पहाटे गेली, असं नर्सने सांगितलं. मग हळूच विचारलं, "घरात तुमच्यासोबत आणखी कोणी आहे का?"

"नाही," ओरेस्ट म्हणाला. लग्नानंतर हे उत्तर त्याने पहिल्यांदाच दिलं.

त्याच्या घरात दुसरं माणूस आलं होतं तेच मुळी चुकून. लॉइडमिन्स्टरमध्ये पन्नास नंबरचा रस्ता म्हणजे दोन प्रांतांची सीमा. पश्चिमेला अल्बर्टा, पूर्वेला सस्कॅचेवान. ओरेस्ट पूर्वेकडच्या एकोणपन्नास नंबरच्या रस्त्यावर राहायचा, तेलविहिरींचे पंप दुरुस्त करायचा आणि आईने करून दिलेले पिरोही, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, रविवारी एकटाच उकडून खायचा. एका वसंतात शिरगणती निघाली. असंच एका रविवारी दार वाजलं. बाहेर एक मुलगी... बूट चिखलाने भरलेले, नाक वाऱ्याने लाल.

"घरात माणसं किती?"

"एक."

"एवढ्या घरात एकच?"

"जेवायला थांबलात तर दोन."

ती हसली आणि खरंच थांबली. खाता खाता तिचं लक्ष खिडकीबाहेरच्या पाटीकडे गेलं.

"हा रस्ता एक्कावन्न नंबरचा ना?"

"एकोणपन्नास."

"अरे देवा — म्हणजे मी सस्कॅचेवानात आहे?"

"घर तर पहिल्यापासून इथंच आहे."

"अख्खी गल्ली मी अल्बर्टात मोजली हो!"

"शेजारच्या ओल्गाबाईंना सांगू नका. त्यांना अल्बर्टावाले सहन होत नाहीत."

"आणि तुम्हाला?"

ओरेस्टने तिच्या ताटात आणखी पिरोही वाढले. तिने नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गल्लीची नोंद दुरुस्त करायला आली. त्याचं घर तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यानंतर दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती येत राहिली.

पानं पिवळी पडली तेव्हा सिग्नलपाशी उभं असताना त्याने विचारलं, "माझ्याकडे येशील... राहायला?"

लोरेटने मफलर नाकावर ओढला. "आमची अल्बर्टाची बाजू माणसांनी नुसती फुगत चाललीय, तुमची आहे तिथंच. एक माणूस देते तुम्हाला. पण उसनं हं! मेल्यावर मला परत माझ्या बाजूला न्यायचं. आईशेजारी."

"नेईन," तो म्हणाला. त्या वयात मरण कोणाला खरं वाटतं?

त्या घरात तिसरं माणूस काही आलं नाही. पण शिरगणतीवाले आले की लोरेट त्याला मागे सारून स्वतः दार उघडायची. "दोन! आणि दोघंही ठणठणीत!"

आता तिची बहीण इव्हेट फोन करते.

"भाऊजी, दफनभूमीत आईशेजारची जागा साफ करून ठेवलीय. कधी आणताय तिला?"

"बर्फ वितळू दे."

"वितळून महिना झाला."

"जमीन ओली आहे अजून."

"भाऊजी..."

"तिथं जागा एकाचीच आहे, इव्हेट. मी कुठं मावणार?"

"तिला भेटायला येत जा की. रस्ताच तर ओलांडायचाय."

"आणि मी गेल्यावर? ती तिकडे, मी इकडे?"

त्याने फोन ठेवून दिला.

परवा तो निघाला होता. तिच्या राखेची पेटी कोटाच्या आत धरून पन्नास नंबरच्या रस्त्यापर्यंत गेला. सिग्नल सुटला. लोक त्याला वळसा घालून पलीकडे गेले. फिलिपिनो नर्सांचा एक घोळका हसत गेला, त्यातल्या एकीने विचारलं, "आजोबा, हात देऊ का?"

"नको, पोरी. मी इकडचाच."

तो घरी परतला. पेटी टेबलावर तिच्या जागी ठेवली आणि चहाला पाणी ठेवलं.

लोरेटला तिच्या बाजूला न्यायचं अजून राहिलं आहे.