केस ओढणारी माळ

तो आला तेव्हा वीज नुकतीच जाऊन परत आली होती. घाटकोपरच्या आमच्या रत्नतपासणीच्या प्रयोगशाळेत मी एकटीच होते. बाहेर दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखा पाऊस.

"ही खरी आहे का, सांगाल?" त्यानं रुमाल उलगडला. आत मधाच्या रंगाच्या जुन्या मण्यांची माळ होती.

"अंबर," मी म्हणाले. "झाडाची राळ, लाखो वर्षं जमिनीत राहून घट्ट झालेली. खरी असेल तर. नाव?"

"सम्यक. तुमचं?"

"पावतीवर ग्राहकाचं लिहितात."

"तरी पण...?"

"अक्षता."

माळ त्याच्या नंदाआत्याची होती. तिनंच त्याला वाढवलं. तरुणपणी गोराईच्या एका खलाशानं ती तिला दिली, मग तो बोटीवर गेला तो परत आलाच नाही. पुढे एका सोनारानं मणी लोकरीवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरले. कपटे हलले नाहीत. नकली, म्हणाला.

"तेव्हापासून सगळे म्हणतात, तो फसवून गेला."

"घासले कधी? पावसाळ्यात?"

"हो, आत्या सांगते, धो धो पडत होता. का?"

"मग ती चाचणीच चुकीची. दमट हवेत घर्षणाची वीज टिकत नाही. अस्सल अंबरही कपटे ओढत नाही."

तो जरा पुढे झुकला. "आत्या आता अंथरुणातून उठत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडेच दिवस. सारखं हेच विचारते... खोटी निघाली तरी खरी म्हणाल? प्लीज?"

"नाही."

"इतकं पटकन?"

"खोटं बोलायला मला वेळ लागतो."

तो हसला. त्याच्या भुवईवरचा पावसाचा थेंब गालावर घसरला. तो बघायची मला काही गरज नव्हती.

मी माळ उचलली. अंबर हाताला कोमट लागतं, पण ही तर आत्ता कुणाच्या गळ्यातून काढल्यासारखी उबदार होती.

"आत्यानं आज काढली का?"

"छे! कितीतरी दिवस डब्यात पडून आहे."

मिठाच्या दाट पाण्यात सगळे मणी तरंगले; बहुतेक नकली मणी त्यात बुडतात. मग अंधारखोलीत मी अतिनील दिवा लावला. अस्सल अंबरासारखे मणी निळसर उजळले... जणू पाण्याखालून कुणी डोळे उघडले. मी वाकून एकेक मणी पाहत होते. तेवढ्यात मानेजवळची बट कुणीतरी हळूच ओढली.

"हात मागे घ्या," मी म्हणाले.

"माझे हात खिशात आहेत, मॅडम."

त्याचा आवाज दारापासून आला. मी खोलीतला साधा दिवा लावला. तो खरंच तिथे उभा होता. माझी सुटलेली बट मात्र मण्यांना चिकटली होती, आणि मण्यांना मी घासलं नव्हतं.

"हे विज्ञानात बसतं?" त्यानं विचारलं.

"बसवावं लागेल," मी म्हणाले आणि बट मण्यांपासून सोडवली.

कागद आत्याला पटणार नाही, तपासणारीनंच सांगायला हवं, असं म्हणून तो मला रिक्षातून विक्रोळीला आत्याकडे घेऊन गेला. वाटभर माळ आमच्या मध्ये, सीटवर.

"आत्या, ही अक्षता. हिनं तपासली."

"खरी आहे," मी म्हणाले.

म्हातारीनं डोळे मिटले. कितीतरी वेळानं उघडले, ते माझ्या बटेवर स्थिरावले.

"तुझे केस ओढले गं तिनं?"

मी दचकले. हे आम्ही सांगितलंच नव्हतं.

"माझेही ओढायची. तो माझा खलाशी जवळ आला की." तिनं भाच्याकडे पाहिलं. "तू कुठे उभा होतास रे?"

"दाराशी, आत्या. लांब."

"लांब कसला, मेल्या!"

सम्यकचे कान लाल झाले. त्यानं माळ तिच्या गळ्यात घातली. पंखा बंद होता. खिडकीही बंद, मी वळून खात्री केली. तिच्या कानामागचे पांढरे केस सावकाश उठले आणि मण्यांकडे वळले.

ती पलंगाजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती.

"किती उशीर केलास रे..." ती लाडानं म्हणाली.

याला काहीतरी कारण असणार. मी ते शोधत राहिले. तेवढ्यात माझ्या बोटांना बोटं लागली. या वेळी त्याचे हात खिशात नव्हते.

"मागे घेऊ?" तो कुजबुजला.

मी खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"राहू दे."